दादाचं वैराग्य

माझ्या दादाला वैराग्य आलंय. रिटायर झाल्यावर लोकांना गुडघेदुखी येते, याला वैराग्य आलं. मुलुंडला त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी साडेसहाला वीस-पंचवीस माणसं मॅट अंथरून बसतात आणि हा समोर बसून त्यांना सांगतो, की दुःखाचं मूळ म्हणजे अस्मिता. मी मी करणं. पाहणारा वेगळा, दिसतं ते वेगळं, हा विवेक ज्याला आला तो दुःखातून सुटला. बायका वहीत लिहून घेतात. आणि इकडे याचा सख्खा भाऊ घाटकोपरला शेवटच्या घटका मोजतोय, तर हा बघायला जात नाही. शिरा पडो असल्या विवेकाच्या तोंडात!

मी सुलक्षणा, या दोघांच्या मधली. विद्याधर दादा सदुसष्टचा, मी चौसष्टची, लवू साठचा. राहतेही मधेच, भांडुपला. अकरा वर्षं या दोघांचं बोलणं बंद आहे आणि अकरा वर्षं मी यांची टपालवाली. त्याच्या नातवाचं बारसं याला सांग, याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याला सांग. दोघंही ऐकून घेणार, आणि 'मला काय त्याचं' असं तोंड करणार.

भांडण कशावरून, तर गाऱ्हाण्यावरून. आमच्याकडे गावी, कणकवलीजवळ, चतुर्थीला पूजा झाली की घरातला मोठा पुरुष गणपतीसमोर उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. घरादाराला सुखी ठेव, कोणाची वाकडी नजर पडली असेल तर दूर कर, असं सगळं. आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो मान मोठ्याचा. त्या वर्षी दादाची गाडी हायवेवर बंद पडली. दुपार टळून गेली, पोरं उपाशी, भटजींना पुढची सहा घरं. शेवटी लवूने गाऱ्हाणं घातलं. नेमका तेव्हाच दादा दारात पोचला. काढलेली चप्पल त्याने परत पायात घातली आणि आल्या पावली मुंबईला निघून आला. पुढच्या वर्षी मुलुंडला स्वतःचा वेगळा गणपती आणून बसवला. आमच्यात जमीन वाटून घेतात, भांडी वाटून घेतात, घरचा गणपती कोणी वाटून घेत नाही. याने तोही वाटून घेतला. आणि हा लोकांना अस्मिता शिकवतो!

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. फुप्फुसं संपली होती लवूची. त्याची बायको मागेच गेली, सून ऋतिका सगळं बघते. लवूने दुसरं काही मागितलं नाही, एवढंच म्हणाला, "सुले, दादाक बोलव." मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा दादा म्हणतो, "सुले, जन्म-मरण शरीराचं असतं. मी साक्षीभावाने बघतोय."

"मुलुंडहून दिसतं तुला?" मी विचारलं. त्याने फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. मंगळवारी सकाळी बस पकडली आणि थेट त्याच्या हॉलमध्ये शिरले. सगळे डोळे मिटून बसलेले. दादा पांढरा कुर्ता घालून समोर, पाठीचा कणा ताठ. सांगत होता, "राग येतो तो मनाला येतो, तुम्हाला नाही. राग आला की स्वतःला विचारा, कोणाला आला?"

"मला आलाय," मी म्हटलं. "डोळे उघडा सगळ्यांनी."

सगळ्यांनी उघडले. दादाने सर्वांत शेवटी. "सुलक्षणा, वर्ग चालू आहे. नंतर बोलू."

"नंतर? लवूकडे नंतर नाही उरलेलं, दादा. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस सांगितलेत. तो दाराकडे बघत पडलाय, आणि तू इथे लोकांना श्वास मोजायला लावतोयस?"

"घरचं घरी बोलावं."

"घरचं कुठलं? तू तर घरादाराच्या पलीकडे पोचलास ना? एवढ्या लांब पोचलास, मग घाटकोपर काय जड आहे?"

एक बाई खुदकन हसली आणि पटकन गप्प झाली. दादा मात्र हलला नाही. "मी कोणावर रागावलेलो नाही," तो म्हणाला. "माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. नातं ही आसक्ती आहे. ती सुटली की जायचं कारणच उरत नाही."

काय तो शांत आवाज! आमचे बाबा गिरणीत होते, तिथल्या खडखडाटावर बोलून बोलून घरीही ओरडूनच बोलायचे. पण त्यांना राग आलाय हे निदान कळायचं तरी. हा माणूस अकरा वर्षांचा राग इस्त्री करून, घडी घालून घेऊन बसला होता आणि लोक त्याला नमस्कार करत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. चंद्रप्रकाश त्यांचं नाव, हे मागाहून कळलं.

"सर, एक शंका," ते म्हणाले. "आसक्ती सुटली म्हणजे गेलं काय, नाही गेलं काय, सारखंच ना? मग जायला हरकत काय?"

बिचाऱ्यांनी खरंच शंका म्हणून विचारलं होतं. कोणीतरी वहीत लिहायलाही घेतलं. दादाच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या. लहानपणी खोटं पकडलं गेलं की अशाच व्हायच्या.

"हरकत काहीच नाही," तो म्हणाला आणि उठला.

लवूसाठी नाही हो उठला. वर्गासमोर कमी दिसू नये म्हणून उठला. मला काय कळत नाही? पण म्हटलं, चालेल. कशासाठी का होईना, ये.

रिक्षात मी त्याला सोडला नाही. मुलुंड चेकनाक्यापासून जे तोंड सुरू केलं ते घाटकोपरपर्यंत. तो रिक्षाच्या उघड्या बाजूने बाहेर बघत लांब लांब श्वास घेत होता. विक्रोळीला रिक्षावाला म्हणाला, "मावशी, जरा आरामसे." मी त्यालाही सुनावलं.

भटवाडीत लवूचं घर पहिल्या मजल्यावर. आतल्या खोलीत तो कॉटवर होता, नाकात नळी, हात काठीसारखे. दादाला बघून त्याचे ओठ हलले. दादा स्टुलावर बसला. आता हा रडेल, निदान हात तरी हातात घेईल, असं मला वाटलं. त्याने मांडीवर तळवे ठेवले आणि सुरुवात केली.

"लवू, घाबरू नकोस. हे शरीर म्हणजे तू नव्हेस. हे मन म्हणजेही तू नव्हेस. दुखतंय ते तुला दुखत नाहीये. तू नुसतं बघ."

माझा हात शिवशिवला. बाजूला पाण्याचा तांब्या होता, तो उचलून याच्या टाळक्यात घालावासा वाटला. मरणाऱ्या माणसासमोर क्लास घेतोय मेला!

लवूने मात्र सगळं ऐकून घेतलं. मग श्वास गोळा करत करत म्हणाला, "दादा, मी शरीर नाय. मन नाय. मगे अकरा वर्सां तू रागावलंस कोणावर?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम मान फिरवली.

"तुझ्यावर," तो म्हणाला. तो वर्गातला आवाज नव्हता. "तुझ्यावरच रे लवू. आणखी कोणावर?"

"मगे माका बोल ना," लवू म्हणाला. "मी हयच आसंय."

आणि दादा ओरडला. कित्येक वर्षांत मी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती. "माझ्या जागेर उभो रवलंस तू! वायच थांबूक काय झाला होता तुका?"

"पोरां उपाशी होती!"

"म्हणान? मी काय मेलंय होतंय?"

लवूची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. मी घाबरले. "अरे दादा, पुरे, त्याला धाप लागतेय," म्हणत मधे गेले, तर दोघंही एकदम माझ्या अंगावर आले.

"सुले, तू भायर जा!"

मी बाहेर आले आणि दार लागलं. खरं सांगू? मला समाधान वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. ज्यांच्यासाठी अकरा वर्षं चपला झिजवल्या त्यांनी मला हाकललं. उद्यापासून कोण फोन करणार, 'सुले, तो काय म्हणतो गं' विचारायला? भिंतीला टेकून उभी होते आणि माझंच मला कळत होतं, की दादाला ज्यासाठी सकाळपासून शिव्या घालतेय ते 'मी मी' माझ्यातही चांगलं पोसलं गेलंय. मोठी समजूतदार म्हणून मिरवत होते ना मी? लाज वाटली. आणि रागही गेला नाही.

ऋतिका पेजेची वाटी घेऊन धावत आली. आतून दोघांचे आवाज येत होते, एकाचा चढा, एकाचा तुटका.

"आत्या, भांडतायत ते! थांबवते मी."

"दाराला हात लावलास तर बघ," मी म्हटलं.

"अहो, पण बाबांना त्रास होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "अजून जिवंत आहे तो."