कानातला कालवा

ज्या घरातलं माणूस भ्रमिष्ट होतं, त्या घराचा उंबरा सगळ्यात आधी ओस पडतो. वाचकहो, असं एखादं घर तुमच्याही गल्लीत असेल. आठवून पाहा, त्या उंबऱ्यावर तुमचं पाऊल शेवटचं कधी पडलं?

शाहू महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती. कोल्हापुरात, रंकाळ्याच्या वाटेवरच्या एका गल्लीत लालबी पिंजारीण आणि तिचा धाकटा भाऊ निसार राहत. लालबी ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. आईबाप गेल्यावर भावाला तिनंच वाढवलं. जात्यावर दळताना त्याला मांडीवर घ्यायचं, ओवी म्हणायची, आणि घरघर ऐकत पोर झोपी जायचं.

मोठा होऊन निसार नावाजलेला पिंजारी झाला. थंडीच्या तोंडावर लोकांच्या अंगणात त्याची कमान घुमायची. कमानीच्या ताणलेल्या दोरीवर, म्हणजे तातीवर, लाकडी दस्ता बसला की गादीतला जुना, दगड झालेला कापूस ढगासारखा हलका होऊन उडायचा.

एके दिवशी त्यानं दस्ता खाली ठेवला आणि बहिणीला हाक मारली.

"आपा, तात बोलतीया."

"काय म्हणतीया मग? गादी लवकर दे म्हणतीया व्हय?" लालबी हसली.

"हसू नगंस. माझं नाव घिऊन बोलतीया."

त्यानं तात कापून टाकली. पण तातीशिवायही आवाज येतच राहिले. तो भिंतीला कान लावायचा, दचकायचा, कुणाला तरी उत्तरं द्यायचा. पुढं त्याला अन्नाचीच भीती वाटू लागली. "ह्यात काय तरी घातलंय कुणी," म्हणून भरलं ताट सारायचा.

"असलं काय नसतंय रं!" लालबी ओरडायची. ती जितकी ओरडायची तितका तो लांब जायचा.

गल्लीही लांब गेली. पूर्वी सकाळी शेजारणी लालबीच्या चुलीतला विस्तव न्यायला यायच्या. खापरीत निखारा घेता घेता चार गोष्टी व्हायच्या. सासूची चुगली व्हायची, हशा व्हायचा. आता बायका गल्लीच्या त्या टोकापर्यंत जायच्या, पण तिच्या दारी कुणी येईना. लालबी चूल पेटवायची आणि निखारे आपोआप राख होताना बघत बसायची. घरात माणसं दोन, पण बोलायला एकही नव्हतं.

शमशुद्दीनमामू मुरगूडहून आले. भाच्याला लांबूनच पाहून म्हणाले, "ही भाईरची बाधा हाय. येत्या जुम्मेरातीला, गुरवारी, दर्ग्यात न्यायचा. साखळी घालून ठिवला म्हंजे येतंय ताळ्यावर."

"साखळी? मामू, त्यो काय जनावर हाय का?"

"मग तूच कर की बरा! जुम्मेरातीपातूर मुदत हाय तुला."

घाबरलेली लालबी पार्श्वनाथ वैद्यांकडं धावली. वैद्य म्हातारे, शांत. त्यांनी मुळीची पूड बांधून दिली. "ह्यानं झोप लागंल. समजावून दे."

पण निसार कुठला समजतोय? "मला काय झालंय? तूच घे की औषीद, येडी तर तू झालीयास!"

दिवस जवळ येत होता. लालबीनं काळजावर दगड ठेवला आणि थोडी पूड भाकरीच्या पिठात मळली.

निसारनं पहिला घास तोंडात घेतला. चावायचा थांबला. भाकरी मोडून त्यानं उजेडात धरली, मग बहिणीकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर तिनं सोसला असता.

"म्हंजे खरंच हुतं की गं, आपा."

एवढंच बोलून तो कापसाच्या खोलीत गेला आणि आतून कडी घातली. मग अन्न नाही, पाणी नाही, बोलणं नाही. लालबीनं दार बडवलं, शपथा घातल्या. आतून फक्त कुजबुज येत होती, आणि ती तिच्यासाठी नव्हती.

ती रडत वैद्यांकडं गेली. सगळं ऐकून वैद्य चिडले.

"अगं, त्यो म्हणतोय माझ्या अन्नात काय तरी घालत्यात. आणि तू घातलंस! मग त्याचा संशय खोटा कसा म्हणायचा?"

"वैद्यबुवा, त्याच्या भल्यासाठी केलं की मी!"

"भलं करायचं तर उजेडात कर. त्याला ऐकू येतंय ते तुला येत न्हाय, पर त्याला येतंय ह्ये खरं हाय का न्हाय? ते खोटं हाय म्हणून भांडू नगंस. मला बी ऐकू येतंय म्हणून त्याला फसवू बी नगंस. काय दुखतंय ते इचार. वेडाचं औषीद कोण घेईल? पर झोप कुणाला नको असती?"

लालबीच्या डोळ्यांपुढचा पडदा सरला! आजवर तिनं भावाला हजारदा समजावलं होतं, पण एकदाही विचारलं नव्हतं.

परतताना तिनं भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, केळी घेतली, एक न फोडलेला नारळ घेतला. सगळं बंद दारापाशी मांडलं.

"निसार, भाकरीत मीच झोपंची पूड घातलती. चुकलं माझं. पुन्यांदा न्हाय घालणार. ह्ये बघ, शेंगा टरफलातल्या हायत, नारळ न फोडलेला हाय. ह्यात कुणाला काय घालता येत न्हाय. मला बी न्हाय. तुला काय दुखतंय ते सांग, झोपंची पुडी हाय माझ्यापाशी."

लालबीनं जातं ओढून दाराशी आणलं. त्याला लहानपणी झोपवायची तशी ती दळायला बसली, आणि ओवी आपोआप ओठांवर आली:

*आत बसला गं बंधू, भाईर बसली बहीण,*
*मधी सागाची फळी, कशी झाली गं कठीण.*

*ऐकू येतं त्येला काय, मला येईना गं ऐकू,*
*त्येच्या कानीचा कालवा, कोन्या वाकळीनं झाकू?*

कडी वाजली. दार वीतभर उघडलं. एक हात बाहेर आला आणि त्यानं नारळ आत ओढून घेतला.

जुम्मेरात उजाडली. मामू दोन गडी घेऊन आले. गड्याच्या खांद्यावर साखळी खळखळत होती. लालबी खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मामू, त्याचा आजार कानात हाय, पायात न्हाय! साखळी पायात घालून कानातला कालवा थांबंल व्हय? थांबत असंल तर आधी माझ्या पायात घाला."

दारामागून आवाज आला, थकलेला, बारीक.

"मामू, मी कुणाचं काय घेतलंय का? झोप येत न्हाय ओ मला. लई बोलत्यात ती."

भाचा बोलतोय, माणसासारखा बोलतोय, आणि आपण साखळी आणली! मामूंनी गड्यांना मागं पाठवलं आणि तिथंच जमिनीवर टेकले.

"आपा, झोपंची पुडी हाय म्हणालतीस न्हवं?" दार आणखी थोडं उघडलं. "माझ्या म्होरं सोड."

लालबीनं त्याच्यासमोर पुडी सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं वास घेतला, बराच वेळ बहिणीकडं पाहिलं आणि पूड तोंडात टाकली.

निसार त्या दिवशी बरा झाला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आवाज राहिले. काही दिवस दार पुन्हा बंद व्हायचं. पुडीही कधी घ्यायचा, कधी भिरकावायचा. पण दार बंद असलं तरी बाहेर जातं फिरतंय, हे त्याला ठाऊक होतं.

वाचकहो, आजारी मनाला साखळीनं बांधता येत नाही, आणि फसवून तर मुळीच बरं करता येत नाही. त्याच्या दाराबाहेर खरेपणानं बसून राहावं लागतं. पण ते बसणं एकट्या बहिणीचं काम आहे का?

एका सकाळी लालबी चुलीपुढं बसली होती. उंबऱ्यावर सावली पडली. शेजारची धोंडुबाई, हातात रिकामी खापरी घेऊन, खाली मान घालून उभी होती.

"लालबी, विस्तव हाय का गं?"

"हाय की!" लालबी म्हणाली, आणि निखारा उचलताना भरल्या डोळ्यांनी तिला चिमटा दिसेना.