अपर्णेचा पहिला घास

शशधरमामांनी चौथ्यांदा पायेशचा, म्हणजे तांदळाच्या खिरीचा, चमचा पुढे केला आणि सहा महिन्यांच्या भाचीने चौथ्यांदा तोंड घट्ट मिटलं. बंगालमधल्या कृष्णनगरच्या त्या घरी अन्नप्राशनाला जमलेल्या बायका हातात शंख धरून ताटकळल्या होत्या. पहिला घास मामानेच भरवायचा, ही रीत. त्यात पोरीचं नावही मामांनीच ठेवलेलं, आणि आता तेच अंगाशी आलं होतं.

मुलीची आजी किरणबाला यांना ते नाव पहिल्यापासून खुपत होतं. तपाला बसलेल्या ज्या देवीने झाडाचं पानसुद्धा खाल्लं नाही, ती अपर्णा. खात्यापित्या घरातल्या लेकीला हे उपाशी नाव कशाला? पोरीने आज घास घेतला नाही तर नाव बदलून अन्नदा ठेवायचं, असं त्यांनी पुरोहितांना बजावूनच ठेवलं होतं.

मामा संस्कृतचे मास्तर. वर्ग चिडीचूप करणारा हा माणूस, पण बहिणीच्या सासूपुढे त्यांची बोबडी वळायची. आज मात्र त्यांना गप्प राहवेना, कारण ते नाव त्यांनी पोथीतून शोधलंच नव्हतं.

"माऊईमा," ते बहिणीच्या सासूला म्हणाले, "देवीला भूक नव्हती असं नाही. तिला शंकरच हवा होता. तो मिळाला, मग जेवली." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मालविका डोळ्यांनीच नको नको म्हणत होती. "आमच्या बाबांनी तुमच्या मुलाला नकार दिला, तेव्हा ही तीन दिवस अन्नाला शिवली नाही. तिच्यावरून नाव ठेवलंय मी."

किरणबाला सुनेकडे बघतच राहिल्या. "आमच्या नबूसाठी? अजून मोजे उलटे घालतो तो."

घर हसलं, नबूही हसला. किरणबालांचे डोळे मात्र भरून आले. आपल्या लेकासाठी कुणी इतकं केलं, याचं त्यांना फार बरं वाटलं. पदराने डोळे पुसून त्यांनी नातीकडे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. तिची नजर पायेशवर नव्हतीच, थाळीतल्या रुई माशाच्या मुंडक्यावर खिळली होती.

"मामा, तिला काय हवंय ते तरी बघा," त्या म्हणाल्या.

पायेश आधी, असं पुरोहित पुटपुटले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मामांनी माशाच्या रश्शात बोट टेकवून पोरीच्या ओठांना लावलं. तिने ते पेरापर्यंत तोंडात ओढलं. शंख वाजले.

पुरोहितांनी विचारलं, मग अन्नदा नावाचं काय करायचं?

"कोण अन्नदा?" म्हणत किरणबालांनी चमचा उचलून मामांच्या हाती दिला आणि नातीपुढे वाकल्या. "झालं ना मनासारखं? आता पायेश खा, अपर्णा."

तिने तोंड उघडलं.