तीन पंख्यांचं कार्ड

लग्नाची शूटिंग करणाऱ्या तलवाड्याच्या सुग्रीवने नवं ग्राफिक्स कार्ड घेतल्याची बातमी चाँदमामूला फाट्यावरच्या फ्लेक्सने दिली. फ्लेक्सच्या मधोमध, एरवी वाढदिवसाच्या भाऊंचा गॉगलवाला चेहरा असतो त्या जागी, कार्डाचा फोटो होता. तीन पंखे, कडेने जांभळा उजेड. वर ‘तलवाडा नगरीत प्रथमच’, कोपऱ्यात हात जोडलेला सुग्रीव आणि तळाला शुभेच्छुकांचे चेहरे. ही वस्तू कॉम्प्युटरात बसते की कुलरात, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसावं. सुग्रीव कार्डाचा खोका नारायणगडावर नेऊन, पुढे नारळ फोडून आला, असंही मामूच्या कानावर आलं. फाट्यावरून गेवराईतल्या आपल्या दुकानापर्यंत मामूने मोटारसायकल कशी चालवली ते त्यालाच माहीत. दुकानात शिरला तो हेल्मेटसकट, आणि आतूनच म्हणाला, आपण बी घ्यायचं.

दुकान बसस्टँडच्या मागे. लग्नाची शूटिंग मामू स्वतः करायचा. त्या शूटिंगमधून पिक्चर उभं करण्याचं काम त्याची भाची शाईस्ता करायची. ती फिजिक्सची बी.एस्सी. ‘अंदाजे’ हा शब्द तिला सोसत नसे, आणि मामूचा सगळा धंदा त्याच शब्दावर उभा होता. पावसाळ्याच्या तोंडावर चकलांब्याच्या माळावर वीज पडते तेव्हा ती सरळ खाली का येत नाही, बाभळीसारख्या फांद्या फोडत वाकडीतिकडी का येते, हे तिला शिकायचं होतं. शिकवणारे पुण्याला होते. एम.एस्सी.चा विषय निघाला की मामू दरवेळी एकच बोलायचा: “ज्या दिवशी दुकान तुझ्याबिगर चालंल, त्या दिवशी जा.”

माणूस वाईट नव्हता. त्याला माऊस धरता यायचा, पण माऊस त्याचं ऐकत नसे.

आता मात्र त्याला वाट दिसली. यूट्यूबवर एक पोरगा सांगत होता की हे कार्ड दोन माणसांचं काम करतं. मामूने हिशेब मांडला, की दुकानात काम करणारी एकच आहे, म्हणजे कार्ड आल्यावर एक माणूस उरेल. “हे आलं की तू मोकळी,” तो म्हणाला. “पन तू सायन्सवाली. तूच सांग, घ्यायचं का न्हाई.”

निकाल भाचीच्या हातात, आणि भाचीचं पुणं निकालात. ‘घ्या’ एवढं म्हटलं की झालं. शाईस्ताला स्वतःच्या लबाडीचा वास लगेच आला. म्हणून तिने ठरवलं, नीट तपासल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पुण्यात तिच्या एका मैत्रिणीच्या भावाकडे तेच कार्ड होतं. तो त्यावर गोळ्या घालायचे खेळ खेळायचा. एका लग्नाचा तोच तुकडा शाईस्ताने एकदा आपल्या जुन्या मशीनवर आणि एकदा त्याच्याकडून नव्या कार्डावर काढून घेतला. मग जुन्यावरचीच आणखी एक प्रत करून तिला ‘नवं कार्ड’ असं नाव दिलं, बाकी दोघींना नुसते आकडे, आणि तिन्ही मामूच्या मोबाइलवर धाडल्या. हॉटेलवाला, झेरॉक्सवाला आणि दुकानात सहज टेकलेले दोघंतिघं, सगळ्यांनी बघितलं. ‘नवं कार्ड’ सगळ्यांना पसंत पडलं. झेरॉक्सवाल्याला तर त्यात नवरीच्या नथीतला मोती लुकलुकताना दिसला. खऱ्या नव्या कार्डावरची प्रत कुणी दुसऱ्यांदा उघडलीही नाही.

दुसऱ्या दिवशी शाईस्ताने मामूला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. आपली गिऱ्हाइकं पिक्चर बघतात ती व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप ते चेपून चेपून पापडासारखं करतं. मागे कार्ड कुठलंही असो, पापड पापडच. वेळ वाचेल हे खरं, पण आपल्याकडे लग्नं तिथीला असतात, मधले दिवस रिकामेच, वेळ वाचवून ठेवायचा कशासाठी? निकाल असा, की घेऊ नये. बोलताना तिला पुणं लांब सरकताना दिसत होतं, तरी ती बोलली.

मामूने शांतपणे ऐकून घेतलं. पानाची पिंक टाकून आला आणि म्हणाला, “म्हंजे नुसतं नाव दिलं तर लोकायला एवढा फरक दिसला. मंग खरं आनल्यावर किती दिसंल, बघ.”

त्याच संध्याकाळी त्याने कार्ड मागवलं.

दोन बऱ्या म्हशींच्या मोलाचं कार्ड दुकानात आलं. ते इतकं लांब निघालं की कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. मग डब्याचा एक पत्रा काढून तो कायमचा उघडा ठेवण्यात आला, आणि लोकांना पंखेही दिसतील म्हणून मामूला ते पथ्यावरच पडलं. नजर लागू नये म्हणून त्याने कार्डाला काळा दोरा बांधला. दोरा मधल्या पंख्यात गेला आणि पहिल्याच दिवशी कार्डाने जीव सोडल्यासारखी घरघर काढली. शाईस्ताने चिमट्याने दोरा ओढून काढला. मामूच्या मते दोऱ्याने नजर स्वतःवर घेतली होती.

पहिलं गिऱ्हाईक चकलांब्याचा सटवा. त्याचा मेंढरांचा कळप होता, आणि पोराचं लग्न होऊन महिना झाला होता. सोबत बहीण साखराबाई, नवरदेवाची आत्या. लग्नाच्या पिक्चरला दोघंही अजून कॅसेटच म्हणत.

आता इथली एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात दळण गिरणीत टाकून कुणी निघून जात नाही. आपला दाणा दगडात पडतो, आपलंच पीठ डब्यात येतं, हे डोळ्यांनी बघावं लागतं. लग्नाच्या कॅसेटचंही तसंच. शेवटचं काम मशीनवर लागलं की घरचे येऊन समोर बसतात. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरकते, चहा येतो, दुसरा चहा येतो. मधेच कुणाला आठवतं की धाकट्या मामाचा फेटा राहिला, मग तो घालायचा. पट्टी पुन्हा पहिल्यापासून. बसल्या बसल्या भिंतीवरच्या फ्रेम दिसतात, मग एक मोठी फ्रेम ठरते, दारावर लावायला फ्लेक्स ठरतो, मुराळ्याचा फोटो चहाच्या मगावर छापायचं ठरतं. शाईस्ता वर्षभर ही माणसं बसवत, बोलतं करत, हो ला हो करत आली होती. ती याला वेळेची नासाडी समजायची.

साखराबाईने ऐसपैस मांडी घातली. सटवाने पटका सोडून गुडघ्यावर ठेवला. मामूने हॉटेलात चहा सांगितला आणि ऐटीत म्हणाला, चालू कर.

शाईस्ताने बटण दाबलं. पट्टी एका दमात या टोकाची त्या टोकाला गेली. चहा अजून उकळतही नव्हता.

“झालं,” मामू म्हणाला.

“काय झालं?” सटवाने विचारलं.

“कॅसेट.”

सटवाने पडद्याकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग उघड्या डब्यात भिरभिरणाऱ्या पंख्यांकडे. “चाँदभाई, आमची हळद, लगीन, वरात, लई दिस चाललं. अन तुमी डोळा मिटून उघडूस्तर उरकलं? कावून?”

मामू त्याला कार्ड समजावायला लागला, तसा सटवा पटका परत डोक्याला गुंडाळू लागला. साखराबाईने मात्र नेमका प्रश्न केला. “आदीच कुनाचं तरी केलेलं आसंल. त्यात आमची तोंडं चिटकावली आसतील. हाय का न्हाई, पोरी?”

शाईस्ताने शपथ घेतली, सुरुवातीपासून पिक्चर लावून दाखवलं. त्यात साखराबाई स्वतः नाचताना दिसली. तरी तिचं समाधान झालं नाही. नाचणारी तीच, पण पीठ दुसऱ्याचं, असा तिचा चेहरा होता. सटवा निम्मे पैसे द्यायला तयार झाला, कारण काम निम्मंसुद्धा दिसलं नव्हतं. चहा आला तेव्हा प्यायला कुणी उरलं नव्हतं. फ्रेम नाही, फ्लेक्स नाही, फोटोचा मगही नाही.

चकलांब्यात बोललं गेलं की चाँदभाई तयार कॅसेटा विकतो. पुढचं गिऱ्हाईक तलवाड्याला गेलं, त्याच्या पुढचंही. मामू कार्डावर रुमाल टाकून बसायला लागला. आता भाची पुण्याला गेली तर दुकानाचं शटरच ओढावं लागेल, असं तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

सुग्रीवकडेही तेच कार्ड असताना त्याची गिऱ्हाइकं कशी टिकतात, हा शाईस्ताला पडलेला प्रश्न शुद्ध कुतूहलाचा होता. एका वरातीची शूटिंग आणायचं निमित्त काढून ती तलवाड्याला गेली. सुग्रीवचं दुकान भरलेलं. बाया मांडी घालून बसलेल्या, चहाचे कप फिरताहेत, आणि पडद्यावर पट्टी गोगलगाईच्या चालीने. कार्डाचा खोका काचेच्या कपाटात, वर हार. शाईस्ताने पंख्यांचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. एकच पंखा वाजत होता, तोही छताचा.

“कार्ड बसवलं कुठंय, सुग्रीवदादा?” तिने हळूच विचारलं.

सुग्रीवने तिला बाहेर, पत्र्याच्या पन्हळीखाली नेलं. “ताई, निस्ता खोका आनलाय. कार्ड आनाया मी काय येडा हाय?” मग काळजी वाटल्यासारखा म्हणाला, “मामूनं खरंच घेतलं का काय?”

परतीच्या जीपमध्ये तिने हिशेब पुन्हा मांडला. तिने जे वर्षभर नासाडी म्हणून मोजलं होतं, तोच धंदा होता. तिची तपासणी चोख होती. तिने फक्त चुकीची गोष्ट तपासली होती.

आठवडाभरात तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. काम पूर्वीसारखंच क्षणात व्हायचं, शूटिंगचे तुकडे जोडणंसुद्धा आता प्रोग्रामच करायचा, आणि सगळं गुपचूप बाजूला पडायचं. मग पडद्यावर हिरवी पट्टी यायची आणि निवांत सरकायची. सोबत एकेका पाहुण्याचा चेहरा मोठा होऊन दिसायचा, खाली लिहून यायचं, ‘काम चालू आहे’. शेवटच्या टोकापाशी पट्टी अडायची आणि विचारायची, ‘कुणी राहिलं का?’ कुणीतरी राहिलेलं असायचंच. मामूने बटण दाबलं की पट्टी पुन्हा पहिल्यापासून. माऊस लागत नव्हता.

गिऱ्हाइकं परत आली. मोठी झालेली आपली तोंडं बघून त्यांना मोठ्या फ्रेमची आठवण आपोआप व्हायची. मामूला गप्पांपुरतंच बोलावं लागे, आणि ते त्याला जन्मजात येत होतं. दुपारच्या गर्दीत शाईस्ता मुद्दाम घरी जेवायला गेली आणि लांबूनच बघत राहिली. तिच्याबिगर दुकान चाललं होतं. संध्याकाळी तिने त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं. मामूने रुमालाने कार्ड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि म्हणाला, “बोललो व्हतो, दोन मान्साचं काम करतं.”

तिने त्याला कार्डाचंच श्रेय घेऊ दिलं. पुण्याचा प्रवेश पक्का झाला होता.

पुण्यात तिला विजेचं गणित मिळालं. ढगापासून जमिनीपर्यंत फांदी कुठे फुटेल, हे पायरीपायरीने मांडायचं, आणि त्याला तसंच तगडं कार्ड लागायचं. विभागात एकही नव्हतं. मिळेल त्या जुन्या मशीनवर गणित लावून नंबराची वाट बघत बसायचं. इकडे एक पट्टी खरोखर गोगलगाईसारखी सरकत होती, आणि तिकडे गेवराईत त्या गणिताला पुरून उरेल असं यंत्र खोटी पट्टी रंगवत बसलं होतं. तिला हसूही आलं आणि दातही खावेसे वाटले.

तशात मामूचा फोन आला. नवी तक्रार होती. पट्टी चालते, पण पंखे वाजत नाहीत. आज सटवा धाकट्या पोराच्या कॅसेटसाठी येऊन बसलाय, पुन्हा संशयाने बघतोय, गिरणी चालू आहे तर आवाज कुठाय विचारतोय.

“पंखे वाजले पाहिजेत ना?” शाईस्ताने विचारलं. “जोरात?”

“गिरनीवानी.”

तिने तिथूनच इंटरनेटवरून दुकानाचं मशीन जोडलं आणि विजेचं सगळं गणित कार्डावर टाकलं. फोन चालूच होता. आधी घुरघुर आली, मग तिन्ही पंख्यांचा असा घोंघाट सुटला की मामूला ओरडून बोलावं लागलं. मागून सटवाचा आवाज आला, बहिणीला सांगत होता: “आता कसं. आता दळतंय बग.”

साखराबाईने मोठी फ्रेम सांगितली. शाईस्ताने मामूला पट्टी जरा लांबवायला सांगितली, कारण वीज अजून जमिनीला टेकली नव्हती.