पांढरं कधी येणार

"सिस्टर, हा युनिफॉर्म बदलता का जरा?" दिग्दर्शक म्हणाला.

"बदलून काय घालू?"

"आईचे सफाईचे कपडे जपून ठेवलेत म्हणालात ना, ते."

त्याला काय, तोंड उघडलं की झालं! सिस्टरने पाहुणीकडे पाहिलं. पाहुणी वरच्या गल्लीतली. परदेशात जाऊन टीव्हीवर नावारूपाला आलेली आणि आता आपल्याच गावावर फिल्म करायला परतलेली. शाळेत दोघी एका वर्गात होत्या. एका बाकावर मात्र कधी नाही.

"अगं, एकच शॉट," पाहुणी लाडात आली. "तुझ्या आईच्या कष्टांची आठवण म्हणून. मला यात सगळे हवेत. खालच्या वस्तीशिवाय आपलं गाव कसलं?"

आईचं नाव निघालं आणि सिस्टर विरघळली. आईने तीस वर्षं याच हॉस्पिटलच्या फरश्या पुसल्या. मागच्या दाराने आली, मागच्या दाराने गेली. मुलीने पुढच्या दाराने यावं, पांढऱ्या कपड्यांत यावं, एवढाच तिचा हट्ट. तो पुरा झाला; खालच्या वस्तीतली पहिली नर्स झाली ती. म्हणून सिस्टरने आईचे निळे कपडे चढवले आणि कोरडी फरशी पाच मिनिटं पुसली. "अजून वाका," दिग्दर्शक म्हणाला, तशी वाकलीसुद्धा.

मग पांढरा युनिफॉर्म घालून दोन तास वॉर्डात. सलाईन लावलं, औषधं दिली आणि कॅमेऱ्यापुढे सगळं सांगितलं. नर्सिंग शिकताना जेवणाच्या टेबलावर शेजारी कुणी बसत नसे, तेही सांगितलं. हे तिने नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत शाळेतही पटकन पाणी यायचं म्हणा.

काही महिन्यांनी एका रविवारी सकाळी टीव्हीवर फिल्म लागली. शेजारीपाजारी दाटीवाटीने बसले. आई टीव्हीच्या अगदी पुढ्यात, खुर्ची ओढून. तिच्या डोळ्यांना आता माणसं ओळखू येत नव्हती, रंग तेवढे दिसत.

"पांढरं आलं की मला कळेलच," ती सगळ्यांना सांगत होती. "तुम्ही नका सांगू."

डॉक्टर बोलले. मुख्याध्यापक बोलले. पाहुणीचे काका तर बोलायचे थांबेचनात. प्रत्येकाच्या खाली नावाची पट्टी. आणि मग एक निळी, वाकलेली पाठ आली. पट्टी नाही की आवाज नाही. बोलली ती पाहुणीच: "हे कष्टाळू हात. कधी तक्रार करत नाहीत. माझ्या मातीत सगळ्यांना जागा आहे."

"अगं बाई!" आई खुर्चीतून उठलीच. "ही तर मी! मला कधी घेतलं यांनी?"

सिस्टरला वाटलं, जमीन दुभंगावी. आपल्या हातांनी आपण ते कपडे घातले, कुणी बळजबरी केली नव्हती, हे तिला राहून राहून डाचत होतं.

"हो आई. तूच."

"आणि तू? पांढरं कधी येणार?"

"येईल. बघत राहा."

नदी आली, बाजार आला, पाहुणीचं जुनं घर आलं. शेवटी नावं सरकायला लागली. गाडीच्या ड्रायव्हरचंही नाव होतं. संगीत थांबलं आणि धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली. पडदाभर पांढरेशुभ्र कपडे.

"आली! आली बघा माझी!" आईने टाळ्या वाजवल्या. "काय शोभतेय गं!"

शेजारच्या काकूंनी तोंड फिरवलं. सिस्टरने जाहिरात संपू दिली, मग टीव्ही बंद केला.

"पण बोललीस काय तू? नुसती गाणी ऐकू आली मला."

"सांगते ना."

तिने स्टूल ओढलं, आईचा हात हातात घेतला आणि कॅमेऱ्याला सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. कुणी जागचं हललं नाही.

जेवणाच्या टेबलाचं तेवढं तिनेही गाळलं.