घामावर बसणारं पाखरू

बुधूचा शर्ट सहा महिने खुंटीला लटकत होता आणि ठमी तो काही धुवायला काढत नव्हती. डोळखांबकडच्या त्या पाड्यातल्या बाया यावर पोट धरून हसत. "आता त्येला टिळा लाव गो," धोंडूबाई म्हणायची. हसणाऱ्यांचं काय जातं! नवरा दिवाळीनंतर खाडीवर रेती काढायला गेला तो गेलाच. शिमग्याला येतो म्हणाला होता. शिमगा झाला, भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजून झाले, आणि फोन बंद. निघायच्या सकाळी त्याने लाकडं फोडली आणि घामेजलेला शर्ट काढून टाकला. त्यात त्याचा वास होता. ठमी रोज दार लोटून शर्ट नाकाशी धरायची. लाज कसली, स्वतःचाच नवरा.

वैशाखात शर्टाला कुबट वास येऊ लागला, म्हणून तिने तो अंगणातल्या कुडाच्या कुंपणावर उन्हात टाकला. घटकाभरात काखेतल्या मिठाच्या पांढऱ्या डागांवर दोन पाखरं येऊन बसली. काळी, पंखांत निळ्या-हिरव्या खिडक्यांची ओळ, बसल्या जागी सारखे पंख थरथरवणारी.

नेमकी तेव्हाच भाविका आली. ही किन्हवलीची मुलगी, कॉलेजसाठी फुलपाखरांच्या नोंदी करत आठवडाभर ओढ्याकाठी हिंडत होती. हेच पाखरू तिला चार दिवस हुलकावणी देत होतं. ते बसतच नव्हतं, आणि पंखाखालचे लाल ठिपके बघितल्याशिवाय तिला नाव लिहिता येत नव्हतं.

"हलू नका, ठमीताई," ती कुजबुजली. "कोरड्यावर ती टिकायची नाहीत." शर्टावर शिंपडायला तिने पाण्याची बाटली उघडली.

ठमीने तिचं मनगटच धरलं. "पानी नको. वास जाईल."

"कसला वास?"

ठमीने पदर तोंडाशी नेला. भाविकाने एकवार शर्टाकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण लावलं. तेवढ्यात पाखरं उडून गेली.

ठमीलाच मग चुकल्यासारखं झालं. "घामावर कशापायी बसतात गो ही?"

"मिठासाठी. खाली येतात ते बहुतेक सगळे नर. माद्या वर झाडांवर असतात. नर मीठ पोटात साठवतो आणि मादी भेटली की तिला देतो. तिच्या अंड्यांना ते लागतं."

"म्हंजे माझ्या घरवाल्याचं मीठ हे आपल्या बायकांला नेनार?"

भाविकाला हसू फुटलं. ठमीला नाही.

ती गेल्यावर ठमीने शर्ट नाकाशी धरला. नुसत्या उन्हाचा वास आला. कॉलर हुंगली, काखा हुंगल्या, शर्ट उलटा केला. बुधू कुठेच नव्हता. ती हमसून हमसून रडली आणि त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी भाविका ओढ्यावर पोचली, तर ठमी तिच्याआधीच हजर. आटत आलेल्या ओढ्याच्या वाळूवर तिने शर्ट पसरला, ओंजळीने त्यावर पाणी घातलं आणि मागे सरकून बसली. एक पाखरू आलं, पाच आली, मग मोजता येईनात. सगळी सोंड लावून चोखत होती. भाविकाने फोटो काढले. लाल ठिपके स्वच्छ दिसत होते. "कॉमन जे!" ती आनंदाने म्हणाली आणि तिने वहीत नाव लिहिलं.

ठमी पाखरांकडेच बघत होती.

"प्या रे," ती हळूच म्हणाली. "पन पिऊन झालं का घरी जा. ती वाट बघत आसंल."