लंबूचा एप्रन

मी एक जुना एप्रन आहे. बेकरीच्या दारामागे खिळ्याला लटकलेला. जाड सुती कापडाचा, गळ्यात अडकवायचा पट्टा आणि कमरेला दोन बंद. ताईने मला आपल्या धाकट्या भावासाठी शिवलं. बेकरीत त्याला सगळे लंबू म्हणत.

मित्रांनो, तेव्हा लंबू चांगला अंगापिंडाने भरलेला होता. माझे बंद पाठीमागे जेमतेम बांधले जायचे. मैद्याची पोती तो एकट्याने उचलायचा. "एप्रन बघा, कसा शोभतो!" असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे.

मग बंद सैल झाले. पुढे ते कमरेला वेढा घालून पोटावर बांधता येऊ लागले.

"काय रे, एवढा बारीक होऊन सिनेमात जाणार का?" मालकांनी विचारलं.

लंबू हसला. हल्ली तो ट्रे ठेवून मध्येच पोत्यावर बसायचा. अंग सतत खाजवायचा. मैद्याने होत असेल, म्हणायचा. संध्याकाळी अंगात बारीक ताप असायचा. सकाळी सांगायचा, "रात्री एवढा घाम येतो, चादर पिळावी लागते."

"दिवसभर भट्टीपुढे असतोस. दुसरं काय होणार?" मालक म्हणायचे.

सगळ्याला कारण मिळत होतं. माझ्या पट्ट्याखाली मात्र, मानेच्या बाजूला, एक गाठ आली होती. रबरासारखी. मी रोज तिच्यावर टेकायचो. लंबूला ती दुखत नव्हती, म्हणून तो तिच्याविषयी बोलत नव्हता. मला काय वाटायचं, विचाराल तर काहीच नाही. मी कापड होतो.

एकदा ताई पाव न्यायला आली.

"ताई, हा पट्टा जरा वाढवून दे ना. घासतो."

तिने पट्टा बाजूला सारला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"हे काय रे?"

"गाठ आहे. दुखत नाही."

"कधीपासून?"

"असेल, बरेच दिवस."

"चल डॉक्टरांकडे."

"एप्रन तरी काढू दे."

"राहू दे. चल."

म्हणून दवाखान्यात मीही होतो. डॉक्टरांनी मान, काखा, जांघा तपासल्या. ताप? घाम? वजन? खाज? लंबू प्रत्येकाला हो म्हणत गेला. ताईने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"गाठ काढून तपासल्याशिवाय आजाराचं नाव सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आता थांबायचं नाही."

नाव नंतर मालकांच्या तोंडून ऐकलं. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे मान, काखा, जांघांत असणाऱ्या लसिका ग्रंथींचा कॅन्सर. लंबूवर उपचार सुरू झाले आणि मी खिळ्यावर गेलो. माझ्या घड्यांत मैदा वाळून कडक झाला. कोणीतरी मला हातात घेऊन तापलेला ट्रे धरला. एक कोपरा जळाला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी लंबू आला. डोक्यावर नुकतेच केस फुटत होते. मानेवर बारीक व्रण होता.

"रिपोर्ट चांगला आला," तो म्हणाला. "तपासायला मात्र जात राहायचं."

मालकांचे डोळे भरले. "आनंद झाला असेल ना?"

लंबू म्हणाला, "काहीच वाटलं नाही हो. घरी आलो आणि झोपलो."

मित्रांनो, प्रत्येक गाठ अशी नसते. सर्दी-खोकल्यातही गाठी येतात आणि जातात. पण दोन-तीन आठवड्यांत जी जात नाही, ती दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवा. तिच्यासोबत घाम, ताप, घटणारं वजन असेल, तर त्याच दिवशी निघा. कामाचे कपडे अंगावर असले तरी चालतील.