परतीची घंटा

गुरुवारी संध्याकाळी बाबा अंगणात कोळशाने दोन उभ्या रेघा ओढून बसले होते. एक त्यांची स्वतःची, कापसाच्या प्रेसवरची; दुसरी भिंतीपलीकडे इंजिनवर असणाऱ्या सहदेवकाकांची. रेघांमध्ये तीन बाण.

"म्या पेटीत उतरून कापूस तुडवला, घंटा देली. सहदेव परतीची घंटा देते, का आयकलं म्हून. मी भाईर निंगतो अन् दुसरी देतो. मंगच इंजिन पेटी दाबते."

सहदेवकाका लग्नाला पातूरला चालले होते. त्यांच्या जागी येणाऱ्या नत्थुजींसाठी मॅनेजरला कागदावर तक्ता हवा होता. अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात मी चौकटींचे तक्ते शिकले होते. एका चौकटीत एक काम, पुढे दुसरं.

"ही शिडी कोणाला कळणार, बाबा?"

"पोरगी मास्तरीण झाली, आता बापाले शिकवून राहिली," चुलीपाशी आई हसली.

पेटी भरा. घंटा द्या. इंजिन सुरू करा. कापसाची गाठ बांधा. परतीच्या घंटेला माझ्या तक्त्यात जागा सापडेना. ती गाळली, बाबांच्या दोन घंटांची एकच केली, तेव्हा कागद सुरेख दिसू लागला.

बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोटानं बाण मोजले.

"परतीची घंटा कुठी गेली वं, ललिता?"

"त्यातच धरली आहे."

"बरं. तू शिकेल हायेस." त्यांनी कागद टोपीत ठेवला.

शुक्रवारी सकाळी शाळेत प्रेसवरून बाबा गेल्याचा निरोप आला. मी फळ्यावर वाक्य लिहीत होते. ते पूर्ण केलं, पूर्णविराम दिला, मग बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसली होती. नत्थुजी दाराशी उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं.

"एक घंटा झाली अन् म्या चालू केलं. कागदात तसंच होतं, मायची आन."

"डोमाजीले चेंदलं, अन् वरतून कागद दाखोते!" कोणीतरी म्हणालं.

पातूरहून परतलेल्या सहदेवकाकांनी कागद घेतला. अंगणात कोळशाच्या रेघा तशाच होत्या. आईने सडा टाकला नव्हता. काकांनी कागदाकडे पाहिलं, मग रेघांकडे.

"परतीची घंटा कोनं गाळली?"

सगळे नत्थुजींकडे वळले. ते खाली पाहू लागले.

"मी," मी म्हणाले. आईने मान वर केली. "बाबांनी विचारलं होतं. ती कुठे दाखवायची ते मला येत नव्हतं. येत नाही, एवढं मी त्यांना म्हणाले नाही."